सिटी घ्यावी की एस्टीम? ट्रॅकवरच्या वजनाचा हिशेब

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात भाच्यानं मोबाइलवर दोन फोटो पाठवले. एकात निपाणीच्या एका वखारीत धूळ खात उभी असलेली पहिल्या पिढीची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. दुसऱ्यात म्हापशाला माडाखाली उभी मारुती एस्टीम. खाली एकच ओळ : 'मामा, कुठली घेऊया?'

भाचा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी चालवतो. कोल्हापूरला गो-कार्ट चालवून आल्यापासून त्याला ट्रॅक डेचं वेड लागलंय. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि बंद ट्रॅकवर आपली गाडी पंधरा-वीस मिनिटं मनसोक्त पळवायची. समोरून ट्रक येत नाही, मध्ये म्हैस बसलेली नसते. आपल्याकडून त्यातल्या त्यात सोयीचे ट्रॅक दोन. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, सुमारे २.१ किलोमीटरचा. आणि चेन्नईच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टईचा, ३.७ किलोमीटरचा, १९९० पासून चालू असलेला. गंमत म्हणजे बेळगावच्या कडेनं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून चालत राहिलं, तर याच दुसऱ्या ट्रॅकजवळ पोचतो.

तर सिटी की एस्टीम? भाच्याचा कल उघडच सिटीकडे होता. 'एकशेसहा हॉर्सपॉवर आहे की मामा. एस्टीमची पंच्याऐंशी. ह्यात बघायचं काय?'

बघायचं असतं. एस्टीमचं वजन साधारण ८७५ किलो धरू, सिटीचं १०५०. दोन्हींत ७५ किलोचा भाचा बसवू. मग एस्टीमला दर टनामागे सुमारे ९० हॉर्सपॉवर मिळते आणि सिटीला ९४. म्हणजे जाहिरातीतला २१ हॉर्सपॉवरचा फरक वजनाच्या तागडीत घातला की टनामागे चारवर येतो. सरळ रस्त्यावर सिटी पुढे जाईल, पण जेमतेम. शिवाय व्हीटेकची, म्हणजे जोरात फिरताना झडपा जास्त उघडणाऱ्या होंडाच्या इंजिनाची, खरी ताकद फेऱ्या बऱ्याच वर गेल्यावर मिळते, म्हणजे गिअर अचूक पाडता आला तर.

'सरळ रस्त्याचं ठीक आहे,' तो म्हणाला, 'पण वळणावर वजनाचा संबंधच नसतो. तुम्हीच शिकवलंय.'

इथं मी अडकलो. तीस वर्षं कॉलेजात मी फळ्यावर हेच लिहीत आलोय : वळताना लागणारं बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं, घर्षणही वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं, दोन्हीकडचं वस्तुमान कटतं. उरतो तो घर्षणांक, वळणाची त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण. ५० मीटर त्रिज्येचं वळण आणि ०.९ घर्षणांक घेतला तर कमाल वेग ताशी ७५-७६ किलोमीटर. सूत्राला विचाराल तर एस्टीम, सिटी आणि चिकोडीकडचा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, तिघंही त्याच वेगानं वळायला हवेत. परीक्षेत मी याला पूर्ण मार्क दिलेत.

पण ते सूत्र लाकडी ठोकळ्याचं आहे. रबर तसं वागत नाही. रस्त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि मऊ रबर त्याच्या टेकाडखळग्यांत दाबलं जाऊन पकड घेतं. भार वाढवला की खरी चिकटलेली जागा वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही. दुप्पट भार टाकला तर पकड दुपटीपेक्षा कमीच मिळते. मार्केट यार्डातल्या हमालांसारखं आहे हे. चार जण चाळीस-चाळीस किलो घेऊन झपाझप चालतात. तेच ओझं दोघांच्या पाठीवर लादा आणि उरलेल्या दोघांना मोकळे सोडा, काम तेवढंच होईल का बघा.

वळणावर गाडी नेमकं हेच करते. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर आणि दोन चाकांतलं अंतर १.४ मीटर धरलं, तर जोरदार वळणावर एस्टीमचा सुमारे ३०० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे सरकतो. एका बाजूला पावणेआठशे किलो, दुसऱ्या बाजूला पावणेदोनशे. सिटीत हा सरकणारा भार साडेतीनशेच्या घरात जातो. टायर दोन्ही गाड्यांना सारखेच घातले तर जास्त ओझ्याखाली कोणाचा टायर आधी दमेल, हे सांगायला सूत्राची गरज नाही. ट्रॅकवाले म्हणतात की हलकी गाडी वळणात जास्त वेग धरते. ते बरोबर आहेत, आणि माझा फळा अर्धवट होता.

त्यात दोन्ही गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. वळवायचं, ओढायचं आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलायचा, सगळं त्याच दोन टायरांकडून. टायरची एकूण पकड म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण समजा. पकडीतला ०.६ भाग ब्रेकमध्ये गेला असेल तर वळायला ०.८ उरतो, कारण ०.३६ आणि ०.६४ मिळून एक होतो. सातवीतला पायथागोरस. म्हणून वळणात शिरतानाही ब्रेक थोडा दाबून ठेवणारा आणि पाय हळूहळू उचलत नेणारा चालक बावळट नसतो, तो कर्ण पुरा वापरत असतो. उलट वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं वळणं सोडून सरळ चालू लागतात. भाचा पहिल्या दिवशी हेच करणार, मी लिहून देतो.

आता ब्रेकची बाजू. माझ्या मते निवड इथंच होते, आणि लोक नेमकी हीच बाजू शेवटी बघतात. ताशी १४० वरून ६० वर यायचं तर एस्टीमला भाच्यासकट सुमारे ५८६ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. सिटीला ६९४. हवेचा विरोध मी हिशेबाच्या सोयीसाठी सोडलाय. एका फेरीत असे चार जोरदार ब्रेक आणि दहा फेऱ्या धरल्या तर एस्टीमच्या ब्रेकमधून निघालेल्या उष्णतेवर सत्तर लिटर पाणी उकळेल. आमच्या जुन्या घरातला तांब्याचा बंब पंचवीस लिटरचा होता. म्हणजे पावणेतीन बंब कडकडीत पाणी, पंधरा-वीस मिनिटांत, बहुतेक सगळं पुढच्या दोन डिस्कांवर. सिटीत अर्धा बंब आणखी.

ही उष्णता डिस्कपाशी थांबली तर ठीक. ती पॅडमधून कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये शिरते. ऑइल म्हणतात खरं, पण ते तेल नसून ग्लायकॉलच्या जातीचं द्रव आहे आणि हवेतला ओलावा शोषण्याची त्याला हौस असते. डॉट ४ हा या द्रवाचा एक दर्जा. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. खानापूरकडचे चार पावसाळे काढलेल्या गाडीत काय असेल ते ओळखा. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

हे मी अनुभवलंय, आणि ट्रॅकवर नव्हे. वीसेक वर्षांपूर्वी भरलेली व्हॅन घेऊन चोर्ला घाट उतरत होतो. गिअर वरचा ठेवून नुसत्या ब्रेकवर, शहाणपणा सगळा कॉलेजात ठेवून. चौथ्या-पाचव्या वळणाला पेडल एकदम मऊ लागलं, ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं. दोनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, हँडब्रेक ओढला, डोंगराच्या बाजूची चर चाकाखाली आली आणि थांबलो. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा टणक. वाफ परत द्रव झाली होती. मेकॅनिकला दाखवलं तर त्याला काहीच दोष सापडला नाही, सापडणारही नव्हता.

भाच्याला डिस्क मोठ्या करायच्या होत्या, त्याही आपल्याच गावात ओतून. बेळगाव फाउंड्रींचं गाव, इथं हे सुचणं स्वाभाविकच. त्यानं ओळखीच्या फाउंड्रीत जाऊन 'एसजी आयर्नमध्ये ओतून द्या, मजबूत होईल' असं सांगितलं. तिथले जुने मोल्डर त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांनी एक एसजीचा तुकडा टांगून हातोडी मारली, खणकन आवाज घुमला. मग एक जुनी ब्रेक डिस्क टांगून मारली. ठप्प. लगेच मेलेला आवाज.

'हे बीड आहे बघ,' ते म्हणाले. 'ताकद पाहिजे काय उष्णता जायला पाहिजे तुला?'

साध्या बीडात, म्हणजे ग्रे आयर्नमध्ये, कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात आणि उष्णता त्यांच्या वाटेनं पळते. थरथरही तिथंच जिरते, म्हणून आवाज मरतो आणि ब्रेक किंचाळत नाही. एसजीत तोच ग्राफाइट सुट्या गोळ्यांच्या रूपात असतो. त्यामुळे तडा सहज पसरत नाही, ओतीव जास्त मजबूत होतं, पण उष्णतेची वाट तुटते. ब्रेक डिस्क ठिसूळ बीडाची करतात यामागे स्वस्ताई आहेच, पण तेवढीच नाही. आणि घरी ओतलेली डिस्क बसवायची नाही, हेही त्या मोल्डरनीच निक्षून सांगितलं. ताजं डॉट ४, चांगले पॅड आणि बंपरमधून चाकाकडे हवा नेणारी नळी, यावर पहिलं वर्ष निघतं.

इंजिनाबद्दल एवढंच, की बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास असल्यानं इथली हवा सुमारे सात टक्के विरळ असते. गावात दोन्ही गाड्या थोड्या मंद वाटतील, चेन्नईच्या बाजूला थोड्या तरतरीत.

माझं मत एस्टीमकडे झुकलं ते असं. भारतीय ट्रॅकवर ती वर्षानुवर्षं पळाली आहे, त्यामुळे तिचं काय तुटतं हे माहीत असलेले मेकॅनिक भेटतात. मागची सीट, गालिचे, एसी, स्टेपनी काढली की आणखी हलकी होते. रोल केजनं, म्हणजे गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत बसवलेल्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यानं, त्यातलं काही वजन परत येतं, आणि ते यायलाच हवं, कारण हलकी गाडी म्हणजे पातळ पत्रा.

रविवारी आम्ही म्हापशाला गेलो. रंग नवाकोरा, इंजिन एका स्टार्टला चालू. भाचा खूश. मी खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि बॉनेट उघडून पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाभोवती पत्र्यावरून फिरवत नेलं. डावीकडे चिकटत चिकटत गेलं. उजवीकडे चार बोटं रुंद जागेवर ओढच लागेना. चुंबक निसटून खाली पडलं. नव्या रंगाखाली पुट्टी होती. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खाल्ला होता, नेमका तिथं, जिथं वळणाचा सगळा भार येऊन टेकतो. ती जागा लवली की चाकाचा कोन बदलतो, आणि वर केलेलं टायरचं सगळं गणित पाण्यात.

'मग सिटी?' भाचा परत येताना म्हणाला.

'एस्टीमच. पण ही नव्हे.'

दिवाळीनंतर चिकोडीजवळ एका गोठ्याशेजारी तिसरी गाडी सापडली. इंजिन जाम, मागची काच फुटलेली, सीटवर कोंबड्यांनी संसार मांडलेला. भाच्यानं तोंड वाकडं केलं. मी चुंबक त्याच्याच हातात दिलं. जिथं ठेवील तिथं ते चिकटत होतं.