एस्टीच्या मागून नाव उगवतं ते कसं

रस्त्याकडेला ट्रायपॉड लावलाय, डावीकडून लाल एस्टी येते, फ्रेम पार करून उजवीकडे जाते आणि ती पुढे सरकेल तसं तिच्या मागून गावाचं नाव उघडं पडत जातं. लोक विचारतात कुठला इफेक्ट टाकलास? इफेक्ट बिफेक्ट काही नाही, तो मास्क आहे, म्हणजे आपल्याला कधीच न दिसणारं एक काळंपांढरं चित्र.

फुल एचडी फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 पिक्सेल असतात आणि मास्क त्यातल्या प्रत्येकाला एक आकडा देतो, 8 बिटमध्ये 0 ते 255. 0 तिथे नाव गायब, 255 तिथे पूर्ण, 128 ला साधारण अर्धं नाव अर्धा रस्ता. फ्रान्सचा सिनेमावाला जॉर्ज मेलियेस 1898 च्या सुमारास हेच फिल्मवर करायचा, फ्रेमचा काही भाग काळा ठेवायचा, मग रीळ मागे घेऊन त्याच कोऱ्या जागेवर दुसरं दृश्य शूट करायचा. किती धीराचं काम!

आता हा मास्क हलवायचा. बसची मागची कड 48 फ्रेममध्ये, 25 एफपीएसला (सेकंदाला 25 फ्रेम) जवळपास 2 सेकंदांत, आख्खी फ्रेम पार करते, तर दर फ्रेमला 40 पिक्सेल. आपण फक्त पहिला आणि शेवटचा कीफ्रेम, म्हणजे त्या फ्रेमला मास्क कुठे हवा ती खूण, द्यायचा, मधल्या जागा सॉफ्टवेअर काढतं. पण ते समान वेग धरून चालतं आणि कॅमेरा जरा तिरका असला की जवळची बस पडद्यावर भरभर सरकते, लांब गेलेली हळू, त्यामुळे मास्क मध्येच घसरतो. म्हणून आधी बरोबर मधल्या फ्रेमवर जाऊन कड जुळवा, मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर, असं अर्धं अर्धं करत गेलं की थोड्याच कीफ्रेममध्ये भागतं. फ्रेम बाय फ्रेम करत बसलात तर कड थरथरते, कारण हात दरवेळी एकदोन पिक्सेल चुकतोच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते फेदरमध्ये, म्हणजे मास्कची कड किती पुसट ठेवायची त्यात. शटर 1/50 सेकंद असेल तर तो फ्रेमच्या अर्धा वेळच उघडा असतो, तेवढ्यात बस 20 पिक्सेल सरकते, म्हणून तिची उभी कड 20 पिक्सेल पुसट दिसते, पण टपाची आडवी कड धारदारच राहते कारण बस वरखाली हलतच नाहीये! सगळीकडे सारखा फेदर दिला की टपावर धुरकट पट्टा दिसतो आणि चोरी पकडली जाते. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये आडवा आणि उभा फेदर वेगवेगळा देता येतो, तो आडवाच द्या, साधारण तेवढाच.

आणि खिडक्या! नाव खरंच रस्त्यापलीकडे उभंय असं वाटायला हवं तर ते बसच्या आरपार खिडक्यांमधूनही दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक खिडकीला वेगळा छोटा मास्क, बसबरोबर सरकणारा. उघड्या खिडकीत नाव पूर्ण दिसू द्या, बंद काचेत नावाची ओपॅसिटी, म्हणजे ठळकपणा, थोडी उतरवा, काच थोडा प्रकाश अडवतेच.