बिलियनवर शून्ये किती?

जर्मन वर्तमानपत्रातला 'बिलिओन' बारा शून्यांचा असतो, लंडनच्या वर्तमानपत्रातला 'बिलियन' नऊ शून्यांचा. स्पेनमधला 'बियोन' बारांचा. ब्राझीलमध्ये तोच शब्द नऊवर येतो आणि त्याच भाषेच्या मायदेशी, पोर्तुगालमध्ये, पुन्हा बारांवर जातो. एका शब्दात हजारपटींचा फरक आहे, आणि तो अर्थसंकल्प, कर्जे, लोकसंख्या असल्या गंभीर आकड्यांत येतो. भाषांतरात चूक झाली तर वाचणाऱ्याला संशयही येत नाही, कारण शब्द ओळखीचाच असतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येईल. 'मिलियन' इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबातून आला, त्याचा मूळ अर्थ 'मोठा हजार'. फ्रान्समधल्या लिओं शहरात राहणाऱ्या एका गणित्याने १४८४ मध्ये त्यापुढची शिडी लिहून ठेवली. अंकांचे सहा-सहाचे गट करायचे, दुसऱ्या गटाला बिलियन, तिसऱ्याला ट्रिलियन म्हणायचे. 'बि' म्हणजे दोन, म्हणून मिलियन दोनदा मांडून गुणले की बिलियन. हे हस्तलिखित छापून यायला १८८० साल उजाडले, पण त्यातला मजकूर दुसऱ्या एका गणित्याने १५२० मध्येच आपल्या पुस्तकात घेतला होता आणि नावे तिथून पसरली. सतराव्या शतकात फ्रान्समध्येच अंकांचे गट सहाऐवजी तीनचे पडू लागले. गट लहान झाले, नावे मात्र तीच राहिली, आणि काही जणांचा बिलियन नऊ शून्यांवर उतरला. सहाच्या गटांची ती लांब मोजणी आणि तीनच्या गटांची ती आखूड मोजणी. दोन्ही फ्रान्सची अपत्ये आहेत, ही गोष्ट पुढच्या वादात सोयीस्कररीत्या विसरली जाते.

आखूड मोजणी फ्रेंच अंकगणिताबरोबर अमेरिकेत पोचली आणि तिथे घट्ट रुजली. इंग्लंड, जर्मनी, स्पेन लांब मोजणीवर राहिले. नऊ शून्यांच्या संख्येसाठी फ्रेंचांकडे 'मिलियार्ड' हा वेगळा शब्दही होता, आणि त्याला युरोपभर चलन मिळवून दिले ते एका युद्धाने. १८७१ च्या तहात पराभूत फ्रान्सने जर्मनीला पाच मिलियार्ड फ्रँक द्यायचे ठरले, आणि ते १८७३ पर्यंत चुकतेही झाले. एवढी रक्कम तोवर सामान्य माणसाच्या बोलण्यात येण्याचे कारणच नव्हते. जर्मनीत मिलियार्ड तोंडी बसला तो या खंडणीमुळे.

त्यापुढचा बिलिओन जर्मनांना शिकवला १९२३ च्या चलनफुगवट्याने. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ बिलिओन मार्क पडत होते, आणि नवा रेंटेनमार्क आला तो एक बिलिओन कागदी मार्कांच्या बदल्यात. हा बिलिओन बारा शून्यांचा. अमेरिकी वाचकापर्यंत हीच रक्कम ४.२ ट्रिलियन म्हणून पोचते. त्या काळच्या सर्वांत मोठ्या नोटेवर शंभर बिलिओन मार्क असे छापलेले आहे. अमेरिकी मोजणीने ती शंभर ट्रिलियनची नोट झाली. हंगेरीने १९४६ मध्ये याच्याही पुढे मजल मारली. तिथे शून्ये छापायला जागा पुरेना, म्हणून बिलियन पेंगो हेच एकक मानून त्याला 'बी-पेंगो' म्हटले, आणि शंभर मिलियन बी-पेंगोची नोट चलनात आणली. एकावर वीस शून्ये! ही नोट अमेरिकी मोजणीने शंभर क्विंटिलियनची, युरोपीय मोजणीने शंभर ट्रिलियनची. ज्या लोकांनी एका पावासाठी ही नावे रोज उच्चारली, त्यांच्यासाठी लांब मोजणी हा पंडितांचा हट्ट उरला नव्हता. त्यांच्या बचतीची राख त्याच मोजणीत मोजली गेली होती.

ब्रिटनमध्ये असे काही घडले नाही, आणि पुढच्या घटनेचे मूळ मला तिथेच दिसते. ब्रिटिश बिलियन शब्दकोशात बारा शून्यांचा होता, पण बारा शून्यांचे मोजायचे काय? खगोलशास्त्रातली अंतरे सोडली तर काहीच नाही. नऊ शून्यांना ब्रिटिश माणूस 'हजार मिलियन' म्हणून मोकळा होई. अमेरिकेत मात्र बिलियन कामाला लागला होता. १८८९ ते १८९१ च्या संसदेला तिच्या खर्चामुळे 'बिलियन डॉलर काँग्रेस' असे नाव पडले, १९०१ मध्ये पोलादाची पहिली बिलियन डॉलरची कंपनी उभी राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठी सुमारे १३ बिलियन डॉलर आले. पैसा अमेरिकी होता, तसा त्याचा शब्दही.

युरोपने या गोंधळाकडे पाठ फिरवली नव्हती. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे १९४८ मध्ये हा विषय आला तेव्हा युरोपसाठी लांब मोजणीचा पुरस्कार झाला. फ्रान्स तोवर आखूड मोजणी वापरत होता, तरी त्याने ३ मे १९६१ च्या आदेशाने लांब मोजणी कायदेशीर केली. म्हणजे फ्रान्समध्ये १९१० साली छापलेल्या अंकगणितातला बिलियन नऊ शून्यांचा असू शकतो आणि १९७० च्या पुस्तकातला बारांचा. जुने फ्रेंच आकडे वाचताना आधी छपाईचे साल पाहावे लागते ते यामुळे.

आता २० डिसेंबर १९७४. ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाच्या एका खासदाराने पंतप्रधानांना लेखी प्रश्न विचारला. मंत्र्यांनी भाषणांत आणि कागदपत्रांत बिलियन हा शब्द फक्त त्याच्या ब्रिटिश अर्थाने, म्हणजे मिलियन मिलियन या अर्थाने वापरावा, असा दंडक घालणार का? मजूर पक्षाच्या पंतप्रधानांचे उत्तर 'नाही' असे होते. हा शब्द आता आंतरराष्ट्रीय पातळीवर हजार मिलियन या अर्थाने वापरला जातो, मंत्र्यांनी दुसरा अर्थ धरला तर गोंधळ होईल, असे त्यांनी सांगितले. देशात अजूनही कोणी मिलियन मिलियन असा अर्थ घेऊ शकेल, हे त्यांनी मान्य केले आणि संदिग्धता राहू नये याची काळजी सहकाऱ्यांना घ्यायला सांगू, असेही म्हटले.

ब्रिटनने १९७४ मध्ये अधिकृतपणे आखूड मोजणी स्वीकारली असे जिथे-तिथे लिहिलेले असते. कायदा झाला नव्हता, मतदान झाले नव्हते, सभागृहात चर्चासुद्धा झाली नव्हती. एका प्रश्नाला दिलेले हे काही ओळींचे लेखी उत्तर, आणि तेही मंत्र्यांच्या वापरापुरते. शाळा, शब्दकोश, वर्तमानपत्रे यांना त्याने बांधले नव्हते. तरीही त्याच्या आधारावर शब्दाचा अर्थ एका पिढीत बदलला. पंतप्रधानांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की वाहत्या पाण्याला त्यांनी वाट करून दिली. तेलाच्या किमती नुकत्याच चौपट झालेल्या, कर्जांचे आकडे डॉलरमध्ये येत होते, आणि अर्थखात्याला रोज दोन अर्थ सांभाळणे परवडणारे नव्हते.

पण 'आंतरराष्ट्रीय' हा दावा तपासून पाहायला हवा. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात गेला होता. त्या समुदायात फ्रान्स होता, जिथे तेरा वर्षांपूर्वीच उलटा आदेश निघाला होता. जर्मनी होता, जिथे बिलिओन म्हणजे काय हे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला पक्के ठाऊक होते. नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्कही लांब मोजणीचेच होते. ज्या घरात ब्रिटन नुकता राहायला आला होता, त्या घराची रीत त्या उत्तरातल्या 'आंतरराष्ट्रीय'मध्ये मोजलीच गेली नाही. तो शब्द खरे तर अमेरिकेसाठी होता. खासदाराची मागणी जुनाट म्हणून हिणवली जाते, पण शेजाऱ्यांशी जुळणारी तीच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीने 'मिलियार्ड' मनापासून स्वीकारला असता तर हा प्रश्न उरलाच नसता. परकीय चलनाच्या व्यवहारात तो अजून जिवंत आहे. फोनवर मिलियन आणि बिलियन एकसारखे ऐकू येतात, म्हणून तिथले लोक नऊ शून्यांना 'यार्ड' म्हणतात, आणि हा यार्ड म्हणजे मिलियार्डचे शेपूट.

बाकी देशांनी आपापल्या वाटा काढल्या. रशियन आणि तुर्की भाषांनी नऊ शून्यांना मिलियार्ड ठेवला, पण त्यापुढे थेट बारा शून्यांचा ट्रिलियन घेतला. शिडीची एक पायरी एका मोजणीची, पुढची दुसरीची. स्पॅनिशमध्ये 'मियार्दो' हा शब्द १९९५ मध्ये व्हेनेझुएलाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आग्रहाने मान्य झाला, तरी लोक 'मिल मियोनेस', म्हणजे हजार मिलियनच, म्हणतात. कॅनडाच्या सरकारी कागदात एकाच पानावर इंग्रजी स्तंभात बिलियन आणि फ्रेंच स्तंभात मिलियार्ड असतो, आणि त्याच कागदात इंग्रजी ट्रिलियन आला की समोर फ्रेंच बिलियन उभा राहतो.

मराठीत बिलियनला अब्ज म्हणतात आणि इंग्रजी बातमीपुरते ते बरोबर असते. जर्मन किंवा स्पॅनिश बातमीवरून कोणी थेट तसे लिहिले तर हजारपटींनी चुकेल. आपल्या उद्दिष्टातली पाच ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था जर्मनांकडे पाच बिलिओनची होते. आपल्याकडची शिडीही निर्दोष नाही. 'लीलावती'च्या क्रमात खर्व म्हणजे दहा अब्ज, हिंदीतला खरब मात्र शंभर अब्जांचा.

विज्ञानाने या भांडणातून अंग काढून घेतले. १९६० मध्ये 'गिगा' (नऊ शून्ये) आणि 'टेरा' (बारा शून्ये) ही उपपदे ठरली आणि शून्यांची संख्या भाषेवर अवलंबून राहिली नाही. एक जागा तेवढी उरली आहे. प्रदूषणाच्या मोजमापात 'पीपीबी', म्हणजे 'पार्ट्स पर बिलियन', लिहितात, त्यातला 'बी' म्हणजे बिलियन. त्याचा अर्थ भाषेगणिक बदलतो म्हणून एककांच्या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेत तो टाळायला सांगितले आहे. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची जागतिक मार्गदर्शक मर्यादा म्हणूनच १० पीपीबी अशी न लिहिता लिटरला १० मायक्रोग्रॅम अशी लिहिणे बरे.