मेन्झोबेरान्झन

मेन्झोबेरान्झन : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाधारी खेळासाठी निर्माण झालेल्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या कल्पित विश्वातील एक भूमिगत नगरराज्य. ड्राउ म्हणजे काळ्या वर्णाचे, शुभ्र केसांचे एल्फ (परीकथांतील एक मानवसदृश जमात) हे येथील सत्ताधारी रहिवासी असून जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या रूपात पुजली जाणारी लॉल्थ ही त्यांची देवता आहे. अंडरडार्क नावाच्या विस्तीर्ण पाताळप्रदेशात, फेरून खंडाच्या उत्तर भागाखाली हे शहर वसले आहे. मेन्झोबेरा नावाच्या धर्माधिकारिणीने डेल कालगणनेपूर्वी (ही या विश्वातील वर्षगणना) ३९१७ या वर्षी त्याची स्थापना केली, असे या विश्वाचा इतिहास सांगतो. शहरावर कोणा एका राजाची अथवा राणीची सत्ता नाही. परस्परांच्या नाशासाठी सतत टपलेली सरदार घराणी ते चालवतात. कल्पनारम्य साहित्यातील दुष्टांच्या नगरांमध्ये या शहराला वेगळे स्थान आहे, कारण इथल्या क्रौर्यामागे कायदा, शिक्षणसंस्था आणि धर्मपीठ यांची पूर्ण यंत्रणा लेखकांनी उभी केली आहे.

या शहराची पूर्वपीठिका खेळातच सापडते. ड्राउ वंशाचा उल्लेख १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ मध्ये प्रथम आला आणि १९७८ मध्ये खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेल्या साहसकथांमधून हा वंश खेळाडूंसमोर प्रत्यक्ष उभा राहिला. त्या मालिकेत एरेल्हाय-सिन्लू हे सरदार घराण्यांच्या वैराने पोखरलेले भूमिगत नगर होते, परंतु ते ‘ग्रेहॉक’ या वेगळ्या कल्पित विश्वातले. एड ग्रीनवुड यांचे ‘फरगॉटन रेल्म्स’ हे विश्व खेळाची तत्कालीन प्रकाशक टीएसआर कंपनीने १९८७ मध्ये खेळासाठी प्रकाशित केले. पुढच्याच वर्षी आर. ए. साल्वातोरे यांच्या पहिल्या कादंबरीत ड्रिझ्ट डोउर्डेन हा ड्राउ योद्धा दुय्यम पात्र म्हणून आला. वाचकांनी त्यालाच उचलून धरल्यामुळे त्याचे पूर्वायुष्य सांगणे लेखकाला भाग पडले आणि १९९० च्या ‘होमलँड’ या कादंबरीत त्याच्या जन्मगावाचे सविस्तर दर्शन घडले. ग्रीनवुड, साल्वातोरे आणि डग्लस नाइल्स यांनी १९९२ मध्ये खेळासाठी तयार केलेल्या संचात शहराचा नकाशा, घराण्यांची उतरंड आणि रूढी पद्धतशीर नोंदवल्या गेल्या. कथेसाठी उभारलेले गाव अशा रीतीने खेळाडूंनाही वावरता येईल असे झाले.

सुमारे दोन मैल रुंद आणि हजार फूट उंच अशा एकाच प्रचंड गुहेत हे शहर सामावलेले आहे. गुहेच्या तळातून वर वाढलेले आणि छतातून खाली लोंबणारे पाषाणसुळके आतून कोरून ड्राउंनी वाडे, मनोरे आणि सज्जे घडवले आहेत आणि जादूने प्रकटणाऱ्या जांभळ्या-निळ्या थंड ज्योतींनी ते सजवले आहेत. क्वेलार्झोर्ल या उंच पठारावर अतिबलाढ्य घराण्यांचे वाडे असून महाकाय अळंब्यांचे रान त्याला उर्वरित वस्तीपासून वेगळे करते. ब्रेरिन ही दरिद्री आणि बहिष्कृतांची वस्ती होय. डोनिगार्टेन या तळ्याकाठी शेवाळाची शेती होते आणि त्यातील बेटावर रोथे नावाची गुरे पाळली जातात. ही कामे गॉब्लिन आणि ऑर्क या राक्षसी जमातींतील गुलामांच्या माथी असतात. ‘होमलँड’ मध्ये ड्राउंची लोकसंख्या २०,००० दिली आहे. गुलामांचा तांडा यांहून निराळा असून त्यांच्या श्रमांवाचून हे नगर एक दिवसही तगणार नाही.

शहराच्या मध्यभागी नार्बोंडेल हा नैसर्गिक पाषाणस्तंभ उभा आहे. सूर्य नसलेल्या या गावाचे घड्याळ तोच. दररोज मध्यरात्रीच्या प्रहरी शहराचा महाजादूगार स्तंभाच्या पायथ्याशी अग्नीचा मंत्र टाकतो. ती उष्णता तासातासाने वर चढत जाते, टोकाला पोहोचते आणि मग स्तंभ निवत जाऊन पुन्हा काळाठिक्कर पडतो. ड्राउंना उष्णता डोळ्यांनी दिसते या गृहीतकावर ही कल्पना उभी होती, त्यामुळे उजेडाची तिरीपही न पडता अख्ख्या शहराला वेळ कळत असे. खेळाच्या २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने उष्णतादृष्टी काढून तिच्या जागी साधी अंधारदृष्टी आणली, तेव्हा या घड्याळाचा मूळ आधारच गेला. स्तंभ मात्र कथांमध्ये टिकून राहिला. महाजादूगाराचे पद हे शहरातील पुरुषाला मिळू शकणारे सर्वोच्च पद मानले जाते आणि ग्रोम्फ बेनरे याने ते दीर्घकाळ भूषवले.

समाजरचना मातृसत्ताक आणि धर्मसत्ताक अशी दुहेरी आहे. प्रत्येक घराण्याची प्रमुख म्हणजे कुलमाता, आणि ती लॉल्थची उच्च धर्माधिकारिणी असावी लागते. पहिल्या आठ घराण्यांच्या कुलमातांचे मंडळ शहराचा कारभार पाहते. त्यात बेनरे घराण्याचे अग्रस्थान शतकानुशतके अढळ राहिले. घराण्याचा क्रमांक हाच त्याचा दर्जा आणि लॉल्थची मर्जी हेच त्याचे भांडवल. देवतेची कृपा आटली, की धर्माधिकारिणींची मंत्रशक्ती आटते आणि शेजारच्या वाड्यातील लोकांना त्याचा वास लागतो. पुत्रांना लढवय्ये किंवा जादूगार होता येते, कुलमातेचे सहचर होता येते. सत्ता त्यांच्या हाती येत नाही. तिसरा मुलगा जन्मला तर त्याचा लॉल्थपुढे बळी देण्याची रीत आहे.

घराण्यांमधील संघर्षाला जो कायदा लागू होतो, तो या नगराचा कणा आहे. एखाद्या घराण्यावर हल्ला करणे हा कागदोपत्री गुन्हाच. परंतु त्याची दखल घेण्यासाठी हल्ल्यातून वाचलेल्या सरदारकुलीन व्यक्तीने आरोप करावा लागतो. असा आरोप झाला तर मंडळातील घराणी एकत्र येऊन हल्लेखोरांचा समूळ नाश करतात. आरोप करणारे कोणीच उरले नाही, तर ते घराणे कधी अस्तित्वातच नव्हते असे सर्व शहर मानते आणि खालची घराणी मुकाट्याने एकेक पायरी वर सरकतात. हल्ला करणाऱ्याने कुलीनांपैकी बालकांसह एकालाही जिवंत सोडू नये, अशी सक्ती या नियमातून आपोआप निर्माण होते.

‘होमलँड’ च्या आरंभी हा कायदा प्रत्यक्ष घडताना दिसतो. दहाव्या क्रमांकाचे डोउर्डेन घराणे चौथ्या क्रमांकाच्या, लॉल्थची मर्जी गमावलेल्या डेव्हिर घराण्यावर रात्री चालून जाते. त्याच घटकेला कुलमाता मॅलिस बाळंत होत असते आणि आपल्या प्रसववेदनांचीच शक्ती ती शत्रूवरच्या मंत्रात ओतते. जन्मणारे मूल तिसरा मुलगा असल्याने त्याचा बळी ठरलेला असतो. मात्र लढाईच्या गर्दीत धाकटा मुलगा डिनिन थोरल्या नाल्फेनला मारतो, त्यामुळे नवजात ड्रिझ्ट दुसरा मुलगा ठरून बचावतो. डेव्हिर कुळातला अल्टन मात्र त्या रात्री जादूगारांच्या विद्यालयात असतो. त्याला मारण्याची सुपारी घेतलेला विद्रूप चेहऱ्याचा गुरू स्वतःच मारला जातो आणि अल्टन त्याचेच सोंग घेऊन त्याच्या जागी वर्षानुवर्षे शिकवत राहतो. पुढे येणाऱ्या सर्व घटनांचे मूळ या एका वाचलेल्या माणसात आहे. ज्या कायद्याला साक्षीदार नको आहे, त्याच्या चौकटीत एक साक्षीदार ठेवून कथानक बांधण्यात लेखकाचे खरे कौशल्य दिसते.

या व्यवस्थेसाठी माणसे घडवण्याचे काम टिअर ब्रीच येथील अकादमी करते. अराख-टिनिलिथ या कोळ्याच्या आकाराच्या वास्तूत धर्माधिकारिणी, सॉर्सेअर या मनोऱ्यात जादूगार आणि मेली-मॅगथिअर या पिरॅमिडसारख्या इमारतीत योद्धे तयार होतात; योद्ध्यांचे शिक्षण दहा, जादूगारांचे तीस आणि धर्माधिकारिणींचे पन्नास वर्षे चालते. पृष्ठभागावरील एल्फांनी आपल्याला देशोधडीला लावले, ते क्रूर आणि कपटी आहेत, ही शिकवण तेथे शस्त्रविद्येइतक्याच कसोशीने दिली जाते. परीक्षेत देवतेची अवकृपा ओढवून घेणाऱ्याचे कमरेखालचे शरीर कोळ्याचे होते. या शापित जीवांना ड्रायडर म्हणतात. सर्व घराण्यांबाहेर राहून सर्वांशी व्यवहार करणारी ब्रेगन डेअर्थ ही भाडोत्री टोळी आणि तिचा नायक जार्लॅक्सल यांचे महत्त्वही याच रचनेतून येते. ज्या शहरात कोणाचा कोणावर विश्वास नाही, तिथे पैसे घेऊन दिलेला शब्द पाळणारा मध्यस्थ अपरिहार्य ठरतो.

शहराच्या कल्पित इतिहासातील मोठे हादरे डेल कालगणनेच्या १३५८ आणि १३७२ या वर्षांशी जोडलेले आहेत. देवांच्या उत्पातकाळात जादू निकामी झाली, तेव्हा मनःशक्तीवर विसंबणाऱ्या तिसऱ्या क्रमांकाच्या ओब्लोड्रा घराण्याने अग्रस्थानावर डोळा ठेवला. परंतु लॉल्थचे सामर्थ्य परत येताच त्यांचा अख्खा वाडा क्लॉरिफ्ट या दरीत कोसळवण्यात आला. त्यानंतर वृद्ध कुलमाता इव्होनेल बेनरे हिने मिथ्रल हॉल या बुटक्यांच्या राज्यावर स्वारी केली, ती फसली आणि तीत ती स्वतः मारली गेली. १३७२ मध्ये लॉल्थच मौन झाल्याने धर्माधिकारिणींचे मंत्र लोपले आणि गुलामांनी बंड केले.

काळी कातडी आणि जन्मजात दुष्टपणा यांची सांगड घातल्याबद्दल ड्राउंच्या चित्रणावर दीर्घकाळ टीका होत आली असून ती योग्यच आहे. खेळाचे प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी २०२० मध्ये ड्राउ आणि ऑर्क यांचे चित्रण अधिक गुंतागुंतीचे करण्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये लॉल्थच्या छायेबाहेर, अतिउत्तरेत आणि अरण्यात राहणारे ड्राउसमाज या विश्वात आणले गेले, त्यामुळे मेन्झोबेरान्झन हे एका वंशाचे प्रतीक न राहता एका राजवटीचे उदाहरण ठरले. मूळ कादंबरीत याची बीजे होतीच. ड्रिझ्ट आणि त्याचा गुरू-पिता झॅकनाफेन हे दोघेही याच गुहेत जन्मलेले. त्यांना विकृत करण्यासाठी अकादमीला वर्षे खर्चावी लागतात, आणि तरीही ते बधत नाहीत. रक्तातच दुष्टपणा असता तर एवढ्या शिकवणीची गरज पडली नसती. अलीकडील कादंबऱ्यांत तर बेनरे घराण्यातीलच एक गट लॉल्थविरुद्ध उभा राहतो.

या नगरावर १९९४ मध्ये त्याच नावाचा संगणक-खेळ आला, २०१२ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथ निघाला, आणि २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या गाजलेल्या खेळात मिन्थारा ही बेनरे कुळातील योद्धी महत्त्वाचे पात्र आहे. त्या खेळात ड्राउ पात्र निवडणाऱ्याला ते लॉल्थनिष्ठ असावे की नसावे हे आधीच ठरवावे लागते आणि त्यानुसार इतरांचे त्याच्याशी वागणे बदलते.