फोनच्या तारेवरचं घरगुती नेटवर्क: पार्श्वभूमी

फोनसाठी टाकलेल्या तारांवर संगणक जोडायची कल्पना कार्यालयांतून आली. 1980च्या दशकाच्या मध्यात ‘स्टारलॅन’ ही पद्धत तिथल्या फोनच्या तारांवर सेकंदाला 1 मेगाबिटने चालायची. पण प्रत्येक तार मधल्या हबकडे, म्हणजे सगळ्या तारा जोडणाऱ्या पेटीकडे, सरळ जायची.

घराचं तसं नसतं. एका खोलीतून दुसरीत तार जाते, मध्येच फाटा फुटतो, टोकाचं सॉकेट वर्षानुवर्षं रिकामं असतं. 1998ला पुढे आलेल्या ‘होमपीएनए’ मानकाने ठरवलं, की नवी तार टाकायची नाही आणि हबही नको. नवी केबल ओढणं सोपं, हा आक्षेप तेव्हापासूनच आहे. पण भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, म्हणून मला तो निर्णय योग्यच वाटतो. त्याची किंमत मात्र मोठी होती. रिकाम्या सॉकेटकडे जाणारा दहा मीटरचा फाटा घ्या. तारेत लहर सेकंदाला सुमारे 20 कोटी मीटर धावते, त्यामुळे 5 मेगाहर्ट्झच्या आसपास टोकावरून परतलेली लहर मूळ लहरीला जवळजवळ पुसून टाकते. नेटवर्क वापरत असलेला वारंवारितेचा पट्टा साधारण 4 ते 10 मेगाहर्ट्झचा, म्हणजे घाव नेमका त्यातच. 1999च्या दुसऱ्या आवृत्तीने तीच माहिती पट्ट्यात अनेक जागी पाठवून हा घाव चुकवला आणि वेग 1 वरून 10 मेगाबिटवर नेला.

‘डीएसएल’शी, म्हणजे फोनच्या तारेवरून घरी येणाऱ्या इंटरनेटशी, होणारी गल्लत आजही सुटलेली नाही. तार एकच, पण डीएसएल बाहेरून घरात येतं आणि हे नेटवर्क घरातच फिरतं. बोलणं 4 किलोहर्ट्झच्या खाली, डीएसएलचा एडीएसएल हा प्रकार साधारण 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत, त्यामुळे तिघं एकत्र नांदत. त्याचाच वेगवान प्रकार व्हीडीएसएल 12 मेगाहर्ट्झ आणि त्याही वर गेलं, तेव्हा तारा वेगळ्या करणं भाग पडलं.

1999लाच 11 मेगाबिटचं वायफाय मानक आलं आणि ग्राहक तिकडे वळला. फोनच्या तारेची तिसरी आवृत्ती 128 मेगाबिटची होती, 3.1 ने 320 मेगाबिट गाठले आणि टीव्हीच्या केबललाही सामावून घेतलं. 2010च्या सुमारास आलेल्या ‘जी.एचएन’मध्ये फोन, केबल आणि वीज या तिन्ही तारांसाठी एकच मानक झालं. त्यात पट्ट्याचे असंख्य बारीक वाहक, म्हणजे माहिती नेणाऱ्या वेगवेगळ्या वारंवारिता, केलेले असतात; फाट्याने मारलेले वाहक उपकरणं मोजून ओळखतात आणि रिकामे सोडतात.