रायफल असोसिएशन वेगळी, बंदूकवाल्यांची संघटना वेगळी
चोपडा-यावलकडे बंदुकीच्या परवान्याचा विषय निघाला की कुणीतरी सुचवतोच, "रायफल असोसिएशनला भेटा भाऊ, ते बघतील." ते बघत नाहीत. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही १९५१ ची, नेमबाजी खेळाची संघटना. पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती ग. वा. मावळणकर. स्पर्धा, संघनिवड, पदकं हेच तिचं काम. अमेरिकेतली तिची नावबहीणही १८७१ साली नेमबाजीसाठीच निघाली, पण १९७७ नंतर पुरती राजकारणात उतरली. बातम्यांत दिसते ती ही, म्हणून हा घोळ.

आपल्याकडे परवानाधारकांची बाजू मांडते ती नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया. अशा संघटनेची कसरत अवघड. सभासदाला हवं असतं ते साधंच: नूतनीकरण वेळेत व्हावं, निवडणूक लागली की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नयेत. (नियमाप्रमाणे कुणाची जमा करायची हे छाननी समितीनं ठरवायचं असतं.) मागण्या रास्तच. पण बंदूक म्हटली की इतरांच्या डोळ्यांपुढे येतो मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या उमर्टीकडचा गावठी कट्टा, नाहीतर वरातीत हवेत काढलेला बार. कट्टेवाल्यापासून हात झटकणं सोपं, तो सभासदच नसतो. वरातीतला बार काढणारा मात्र आपलाच परवानाधारक निघू शकतो. त्याला पाठीशी घातलं तर सगळ्यांची अब्रू जाते, कानउघाडणी केली तर वर्गणीदार रुसतो. माझ्या मते रुसू द्यावा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं या हौसेला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे.

लोकांत नाव कसं आहे, याची किंमतही तेव्हाच कळली. पूर्वी एका परवानाधारकाला ३ शस्त्रं ठेवता येत. विधेयकात १ च ठेवायचं होतं, विरोधानंतर २ वर भागलं. आणि लगेच फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयानं नेमबाजांची मर्यादा उलट वाढवून दिली! पदकांची पुण्याई, दुसरं काय.

केळी-मक्यात रानडुकरं शिरतात म्हणून बंदूक हवी असेल, तर या दोघींचंही दार वाजवू नका. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. परवाना मिळाला तरी डुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.