फ्लायवेट मुष्टियोद्ध्याची कारकीर्द

फ्लायवेट हा मुष्टियुद्धातील अगदी हलक्या वजनगटांपैकी एक. व्यावसायिक मुष्टियुद्धात त्याची वरची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे ५०.८ किलो. त्याखाली लाइट फ्लायवेट (१०८ पौंड) आणि मिनिममवेट (१०५ पौंड) हे दोनच गट उरतात. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. या गटातला जगज्जेता तिच्यापेक्षा जेमतेम ८०० ग्रॅम जड. मराठवाड्यात अशा अंगकाठीच्या पोराला ‘काटक आहे, पण अंगावर मांस नाही’ म्हणून सोडून देतात. म्हणून या गटाची माहिती इथल्या वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

आपल्याकडे जत्रेच्या फडात जोड नजरेने लावतात. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा असो की एखाद्या गावचा उरूस, पंच दोन पोरांना समोरासमोर उभे करतात, दंड-मांड्या पाहतात आणि गर्दीतून ‘जोड बसत नाही’ असा गलका झाला की एकाला मागे घेतात. काटा नसतो. लहानांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर सुरू होतात, आणि शेवटची मोठ्या इनामाची कुस्ती जड पैलवानांची असते. हलक्या पोराचे कौतुक होते, पण त्या शेवटच्या कुस्तीपर्यंत तो कधी पोचत नाही.

मुष्टियुद्धातही पूर्वी अशीच गत होती. १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट ठरवून दिले, तेव्हा फ्लायवेटला स्वतःची जागा मिळाली. या गटाचा पहिला सर्वमान्य जगज्जेता जिमी वाइल्ड हा वेल्समधला कोळसा खाणीतला मजूर. तो घडला जत्रेतल्या मुष्टियुद्धाच्या तंबूत, जिथे गर्दीतला कुणीही पुढे येऊन लढू शकत असे आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा त्याच्याहून कितीतरी जड असे. वाइल्डचे स्वतःचे वजन गटाच्या मर्यादेपेक्षाही बरेच कमी असायचे, तरी त्याचा ठोसा असा बसे की लोक त्याला ‘हातात हातोडा घेतलेलं भूत’ म्हणत. १९१६ मध्ये तो जगज्जेता झाला. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला फिलिपिन्सच्या पांचो व्हियाने त्याला हरवले, आणि व्हिया हा आशियातला पहिला जगज्जेता ठरला. पुढे दोनच वर्षांनी, दाताच्या दुखण्यातून पसरलेल्या संसर्गाने, तो ऐन तेविशीत गेला. त्यानंतर जपान, थायलंड आणि फिलिपिन्स या देशांनी हा गट आपलासा केला.

व्यावसायिक कारकीर्द चार फेऱ्यांच्या लढतींपासून सुरू होते. जिंकत गेल्यावर सहा, आठ, दहा आणि जगज्जेतेपदासाठी बारा फेऱ्या. पुरुषांची फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. डोक्याला हेडगार्ड नसते, हातात आठ औंसांचे ग्लोव्ह्ज असतात. जगज्जेतेपदे देणाऱ्या मोठ्या संघटना चार असल्यामुळे एकाच वेळी चार विजेतेही असू शकतात. या गटात एका ठोशात लढत संपणे तुलनेने कमी. बारा फेऱ्या पायांवर नाचत, बरगड्यांवर ठोसे मारत समोरच्याचा दम काढावा लागतो.

पण फ्लायवेटची खरी परीक्षा लढतीच्या आदल्या दिवशी, काट्यावर होते. एरवी ५५-५६ किलोचा असलेला बॉक्सर शेवटच्या दिवसांत पाणी तोडतो, जाड कपडे घालून दोरीवर उड्या मारतो, गरम पाण्यात बसतो, लाळ थुंकत राहतो. ओठ फाटलेले, गाल आत गेलेले. काट्यावर चढताना श्वाससुद्धा बाहेर सोडलेला. आकडा थोडा वर दिसला तर चारही बाजूंनी टॉवेल धरतात आणि अंगावरची चड्डीही उतरवतात. तरीही जास्त भरला तर सहसा तास-दोन तासांची मुदत मिळते. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ १९९८ मध्ये फ्लायवेटचा जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी थायलंडमध्ये वजन न उतरल्याने लढतीआधीच त्याचे पद गेले. लढतही तो तिसऱ्या फेरीत हरला. अंग वाढत होते, त्याला त्या गटात कोंडून ठेवण्यात अर्थ नव्हता. तो वरच्या गटात गेला आणि फ्लायवेट धरून एकूण आठ वेगवेगळ्या गटांत जगज्जेता झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीत विनेश फोगाटचे १०० ग्रॅम जास्त भरले, तेव्हा काट्याची ही क्रूरता गावोगावच्या पारावर कळली. सोळा-सतरा वर्षांच्या वाढत्या पोराला पाणी तोडायला लावणे घातकच आहे. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तर विचारायलाच नको. मूत्रपिंडांवर आणि हृदयावर त्याचा ताण येतो. त्याला खुराक द्यावा आणि अंग नेईल त्या गटात लढू द्यावे.

मराठवाड्यातून इथवर येण्याचा मार्ग हौशी मुष्टियुद्धातून जातो. छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. पुण्याची आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट लहान वयातच मुले निवडते. हौशी लढत तीन फेऱ्यांची असते, आणि शासकीय नोकरीतल्या खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणाला हौशी स्पर्धांतलीच पदके चालतात. व्यावसायिक झालेल्या बॉक्सरला लढतीचे मानधन मिळते, त्यातून मॅनेजर आणि प्रशिक्षकाचा वाटा जातो, आणि हलक्या गटांचे मानधन जड गटांच्या मानाने फार तोकडे असते. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराने पोराला नोकरीकडे ढकलले तर त्यात चूक काढता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे ५७ किलोत कुस्ती खेळला, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले आणि पुढे तो पोलीस उपअधीक्षक झाला. अशी उदाहरणे घरच्यांच्या डोळ्यांसमोर असतात.

मुष्टियुद्धातले सर्वांत जवळचे उदाहरण नांदेडच्या सीमेपलीकडचे आहे. धर्माबादहून रेल्वेने निघाले की बासर, आणि पुढे गोदावरी ओलांडली की निजामाबाद, एके काळी आपल्यासारखेच हैदराबाद संस्थानातले. तिथली निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला ५२ किलो फ्लायवेट गटात हौशी जगज्जेती झाली आणि २०२३ मध्ये दिल्लीत ५० किलोत पुन्हा जिंकली. तीही आता तेलंगण पोलिसांत उपअधीक्षक आहे.