पार्श्वभूमी : सहा किलोमीटरच्या चौकटीतला पाऊस

मोसमी पावसाचा हंगामी अंदाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिला जात असला, तरी शंभराहून अधिक वर्षे तो हिमालयातील बर्फ आणि दूरच्या प्रदेशांतील वायुदाब यांची पावसाशी सांख्यिकी सांगड घालूनच काढला जाई. २००२ मध्ये सोळा घटकांच्या सूत्राने सर्वसाधारण पाऊस वर्तवला आणि प्रत्यक्षात १९ टक्के तूट पडली. वातावरण व महासागराची समीकरणे एकत्र सोडवणाऱ्या संगणकी मॉडेलांना मोठे बळ मिळाले, ते २०१२ मधील राष्ट्रीय मान्सून मोहिमेनंतर.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्याच शहरातील कुलाब्यात जेमतेम ७३. मॉडेल नकाशावर ठरावीक अंतरावर बिंदू मांडून घरांची चौकट आखते. पंचाहत्तर किलोमीटरच्या चौकटीत ही दोन्ही ठिकाणे एकाच घरात पडतात आणि त्या घराला पावसाचा एकच आकडा मिळतो. म्हणून भारताच्या हवामान अंदाजाच्या मॉडेलांची चौकट बारीक होत गेली : आधी १२ किलोमीटर, मे २०२५ मध्ये ६.

मात्र ‘सहा किलोमीटरचे विभेदन’ (म्हणजे किती बारीक तपशील दिसतो ते) हा शब्दप्रयोग फसवा आहे. सहा किलोमीटर हे दोन बिंदूंमधले अंतर होय. एखादी रचना नीट उमटायला असे अनेक बिंदू लागतात, त्यामुळे मॉडेलला खरोखर दिसते ते पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढचे. गडगडाटी ढगाचा गाभा तर काही किलोमीटरचाच असतो. जुन्या मॉडेलांत एका घरात असे अनेक ढग मावतात असे मानून त्यांचा एकत्रित परिणाम सूत्राने काढत. त्या सूत्रांचा पाऊस बहुधा रिपरिप पडे आणि जमिनीवर दुपारीच उरके. सहा किलोमीटरवर ते गृहीतक डळमळते. सूत्र ठेवावे, तर अर्धवट उमटलेल्या ढगात त्याची लुडबुड होते. काढावे, तर ढग घराएवढा फुगल्याखेरीज तयार होत नाही आणि पाऊस उशिरा, पण एकदम बदाबदा पडतो. या मधल्या टप्प्याला अभ्यासक ‘करडा पट्टा’ म्हणतात, आणि वाद आहे तो इथेच. जाहिरातीत मात्र फक्त किलोमीटर येतात.

जपानमध्ये साडेतीन किलोमीटरच्या जागतिक चौकटीवर, हे सूत्र वगळून, प्रयोग होऊन दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. अडचण गणिताच्या खर्चाची आहे : बिंदूंमधले अंतर निम्मे केले की आडव्या दोन्ही दिशांना बिंदू दुप्पट होतात, कालपायरीही (गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकते ती) निम्मी करावी लागते, म्हणजे काम आठपट. तेवढ्याच वेळात जाड चौकटीवर किंचित वेगळ्या आरंभस्थितींपासून अनेक अंदाज काढून पावसाची शक्यता टक्क्यांत सांगता येते, आणि धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे ठरवणाऱ्या अभियंत्याला बऱ्याचदा तीच अधिक उपयोगी पडते.